पाकपुस्तक : एक वारसापत्र

१८४८ च्या तहान्वये कॅलिफोर्निया मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला आणि बेरेयेसांसारख्या स्पॅनिशभाषक घराण्यांच्या जमिनी क्रमाक्रमाने त्यांच्या हातून गेल्या. पन्नास वर्षांनी, १८९८ मध्ये, आईकडून याच घराण्यातील एन्कार्नासिओन पिनेदो हिने सॅन फ्रान्सिस्कोत ‘एल कोसिनेरो एस्पान्योल’ हे पाकपुस्तक प्रसिद्ध केले व ते भाच्यांना अर्पण केले. इंग्रजीच्या वर्चस्वकाळात ते स्पॅनिशमध्येच लिहिणे हा केवळ सोयीचा भाग नव्हता. जमिनीऐवजी भाषा आणि चव यांचा वारसा पुढील पिढीच्या हाती सोपविणारी ती कृती होती. तथापि शीर्षकातील ‘स्पॅनिश’ हे विशेषण तामाल, मोले यांसारख्या पदार्थांमागील मेक्सिकन व मूलनिवासी ऋण झाकते. घराण्याची स्मृती जपणारी ही संहिता विस्मरणही घडविते. तिचे वाचन या दोन्ही अंगांनी व्हावयास हवे.