घराखालची जमीन

आपल्या आत्मकथनांत घर पुष्कळ आले आहे. गळके छप्पर, कुडाच्या भिंती, एकाच खोलीत नांदणारी तीन कुटुंबे, हे सारे १९७८ साली ‘बलुतं’ आल्यापासून मराठी वाचकाला परिचित झाले. पण त्या घराखालची जमीन कोणाच्या नावावर होती, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. घराचे दारिद्र्य डोळ्यांना दिसते. जमिनीचे दारिद्र्य तलाठ्याच्या दप्तरात असते आणि त्या दप्तरापर्यंत आपल्या लेखकाचा हात क्वचितच पोहोचला.

हा विषय आज मांडण्यास एक निमित्त आहे. नाशिकच्या इंदिरानगरात मी १९९२ पासून राहतो. (महाराष्ट्रात इंदिरानगर म्हटले की झोपडपट्टी डोळ्यांपुढे येते, आमचे इंदिरानगर नोकरदारांचे आहे, एवढाच फरक.) नोटप्रेस, ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडच्या कंपन्या, एकलहऱ्याचे वीजकेंद्र आणि शाळा यांतून निवृत्त झालेली आमची पिढी येथे आहे. तिच्यातले पाच-सहा जण आता साठीनंतर गावाकडच्या जमिनीवर घर बांधू लागले आहेत. आमच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने सरळच विचारले, “बाबासाहेबांनी खेडे सोडा म्हणून सांगितले, आणि सर, तुम्ही पेन्शन घेऊन परत चाललात?” प्रश्न रास्त आहे. मीही त्या बांधणाऱ्यांपैकीच एक असल्यामुळे माझे उत्तर तटस्थ नाही, हे वाचकाने धरून चालावे.

माझी हरकत आहे ती त्याच्या ‘परत’ या शब्दाला. जे आपले होते तेथेच माणूस परत जातो. गावात आपले काय होते?

गावाच्या जमिनीचे दोन भाग, पांढरी आणि काळी. पांढरी वस्तीची, काळी पिकाची. पांढरीत ज्याचे घर तो गावकरी. महारवाडा पांढरीच्या कडेला, बहुधा ओढ्यापलीकडे. इंग्रजी अमलात मोजणी झाली, गावठाणाची हद्द नकाशावर चढली. कुठे आमचा वाडा त्या रेषेच्या आत आला, कुठे बाहेर राहिला. आणि येथे इतिहासाने आमची केवढी थट्टा केली आहे पाहा. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची. शीव कुठून जाते, कोणता दगड हलवला गेला, हे त्याने सांगायचे आणि गावाने मानायचे. सबंध गावाची हद्द ज्याच्या तोंडी, त्याच्या स्वतःच्या अंगणाला हद्द नव्हती.

काळीत आमचा वाटा होता तो वतनाचा, आणि वतन ही मालकी नव्हती. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ते बांधून टाकलेले होते. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’त १९२७ साली या वतनाची चिरफाड केली आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांचा मुद्दा आजही नीट समजून घेण्यासारखा आहे. वतनाची जमीन पिढीगणिक वाटली जाऊन गुंठ्यांवर येते. चाकरी मात्र वाटली जात नाही. ती सबंध घराण्याच्या मानेवर, रात्री-अपरात्री, राहते. उरलेला मोबदला बलुत्याचा, म्हणजे रयतेच्या मर्जीचा. ज्याला चाकरी नको त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी, अशी त्या विधेयकात तरतूद होती. ते पुढे मागे घ्यावे लागले. वतन संपायला आणखी तीस वर्षे लागली: १९५८ चा कनिष्ठ गाव वतने निर्मूलनाचा कायदा.

माझे आजोबा वेसकर. त्यांनी वेशीवर काढलेल्या रात्रींच्या बदल्यात सिन्नर तालुक्यातील आमच्या गावी दोन एकर दहा गुंठे जमीन आमच्या भावकीच्या नावावर झाली. सातबाऱ्यावर आज एकतीस नावे आहेत. ही जमीन नव्या शर्तीची. कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही आणि शेतीवाचून दुसऱ्या कामाला लावता येत नाही. ही अट वाईटच, असे मी म्हणणार नाही. ती नसती तर आमच्या चुलत्यांपैकी दोघांनी तरी आपला वाटा एका दिवाळीत सावकाराला लिहून दिला असता. पण अट राखणीची आहे आणि राखणदार सरकार आहे; मालक अजूनही अर्जदारच आहे. आणखी एक गंमत. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या पिढीतला मास्तर किंवा कारकून कायद्याच्या नजरेत शेतकरी ठरतो तो याच वतनाच्या सातबाऱ्यामुळे. ज्या दास्याचा आम्ही धिक्कार केला, त्याचाच उतारा आज हातात धरून दारोदार फिरावे लागते.

आता बाबासाहेबांच्या उपदेशाविषयी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्यावर जो प्रहार केला तो प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. खेडे हे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे घर आहे, हे त्यांचे निदान होते आणि ते आजही खोटे ठरलेले नाही. पण त्या निदानाबरोबर त्यांनी एक उपायही सांगितला होता, तो आपण विसरून गेलो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये त्यांनी सरकारी पडीक जमिनीवर स्वतंत्र गावे वसवण्यासाठी वसाहत आयोग मागितला. म्हणजे त्यांचा आक्षेप मातीला नव्हता, त्या मातीवर जे सामाजिक नाते लादले गेले त्याला होता. शहरात जा, हा अर्धा उपदेश झाला. दुसरा अर्धा असा होता की जेथे राहाल तेथे कोणाच्या उपकारावर राहू नका. स्वतः त्यांनी दादरला ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी, आणि उतारवयात तळेगाव दाभाड्याला, गावंढळ म्हणावे अशा मोकळ्या माळावर, त्यांचा बंगला होता. तळेगावचा दाखला मी आमच्या तरुण मित्राला दिला तेव्हा तो म्हणाला, “ते बाबासाहेब होते.” खरे आहे. पण तेथील मातीने त्यांना परके केले नाही, एवढे तरी त्यातून दिसते.

जमिनीच्या कागदाचे महत्त्व आजचे नाही. आमच्या गच्चीवरून त्रिरश्मीचा डोंगर दिसतो. (त्या बुद्धलेण्यांना पांडवांचे नाव कसे चिकटले, हा वेगळ्या लेखाचा विषय.) त्या लेण्यांच्या भिंतींवर जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीची जमिनीची दप्तरे कोरलेली आहेत. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे: अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतले आणि ते भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. घेणारा, विकणारा, किंमत, दिशा सगळे नोंदवलेले. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा आहे. राज्यवर्ष अठरामध्ये त्याने, पूर्वी उषवदाताकडे असलेले, दोनशे निवर्तने शेत भिक्षुसंघाला दिले. त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही दिल्या. सहा वर्षांनी, वर्ष चोवीसमध्ये, राजा आणि त्याची आई यांची दुसरी आज्ञा निघाली. दिलेले शेत कसले जात नव्हते आणि ते गाव वसत नव्हते; म्हणून नगराच्या सीमेवरची, राजाच्या मालकीची, शंभर निवर्तने बदली दिली.

मी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे अनेकदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी त्यांना एकच गोष्ट दाखवतो. कागदोपत्री दान पूर्ण होते, पण कसणारा नसेल तर शेत फुकट, वसणारा नसेल तर गाव फुकट. आणि एवढ्या काटेकोर लेखात देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, विकणाऱ्याचे आहे. कसणाऱ्याचे नाव नाही. उदारातल्या उदार राजाच्या दप्तरातही तो नव्हता.

कसणाऱ्याचे नाव दप्तरात चढवण्याची लढाई आमच्याच जिल्ह्यातल्या माणसाने लढवली. दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहाचा हा सेनानी पुढे देवळाच्या दारातून जमिनीच्या बांधावर आला, ही दलित चळवळीच्या इतिहासातली अत्यंत महत्त्वाची वाटचाल आहे. आपल्या व्याख्यानांत मात्र देऊळ येते आणि बांध राहून जातो. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी सत्याग्रह यांत लाखो माणसांनी तुरुंग भरले. मागणी साधी होती: सरकारी पडीक जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. पुढे १९९१ साली शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला, त्यामागे हे तुरुंग होते. त्यानंतर वारे फिरले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, आणि २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्रभर गायरानावर राहणाऱ्यांना नोटिसा गेल्या. गायरान बळकावणारा धनदांडगा आणि गायरानावर खोपट घालणारा भूमिहीन यांना एकच शब्द, अतिक्रमणदार, लागू झाला.

घरकुलांचेही तेच. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास सुरू झाली ती प्रथम अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगार यांच्यासाठी. २०१६ पासून ती प्रधानमंत्री आवास झाली. राज्यात रमाई आवासही आली. दोनशे एकोणसत्तर चौरस फूट. पण भिंतींना पैसे आहेत आणि पायाला जागा नाही, अशी आमच्या कित्येक वाड्यांची स्थिती. जागा नसेल तर अनुदान अडते. जागा विकत घेण्यासाठी पन्नास हजारांपर्यंत मदत देणारी योजना २०१५ साली राज्याला काढावी लागली, यातच सारे आले. आणि पैसे असले तरी विकणार कोण? दादासाहेबांच्याच नावाने भूमिहीनांना चार एकर कोरडवाहू देण्याची योजना २००४ पासून आहे. आमच्या पंचक्रोशीत तिच्यासाठी जमीन विकायला पुढे आलेला मालक मी पाहिलेला नाही.

एप्रिल २०२० मध्ये गावठाणांच्या ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना आली. घरांना मिळकत पत्रिका मिळणार. आजवर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा, हाच काय तो पुरावा; त्याने मालकी सिद्ध होत नाही. ड्रोन उडण्याआधी प्रत्येक मिळकतीभोवती चुन्याची रेघ मारतात. आमच्या गावात ती रेघ देवळाभोवती, चावडीभोवती, पाटलांच्या पडक्या वाड्याभोवतीसुद्धा गेली आणि ओढ्याशी थांबली. पलीकडच्या आमच्या चौदा घरांविषयी मोजणीवाला म्हणाला, “तुमचा वाडा गावठाणात बसत नाही.” वाईट हेतूने नव्हे, त्याच्या नकाशात तसेच होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा शासननिर्णय निघाला. आमच्या ओढ्यावर समतानगरची पाटी लागली. पाटी चांगली आहे. समता अद्याप गावठाणाबाहेर आहे.

म्हणून मी घर बांधायचे ठरवले तेव्हा जुन्या वाड्यातल्या वडिलांच्या खोलीवर मजला चढवण्याचा सल्ला मानला नाही. ते स्वस्त होते, सोपेही होते. पण ज्या जागेला कागद नाही तेथे सिमेंट ओतणे म्हणजे उपकार पक्का करणे. वतनाच्या नंबरात रीतसर वाटप करून, हिश्श्याची मोजणी करून, परवानगी घेऊन बांधायचे. गावातल्या काहींनी विचारले, “वस्ती सोडून रस्त्याला कशाला?” वाड्यातल्या काहींनीही तेच विचारले, निराळ्या सुरात. भावकीला वाटते, मास्तर आपल्यातून उठला. हा आरोप मला गावाच्या प्रश्नापेक्षा अधिक लागतो, कारण त्यात तथ्य आहे: आपल्यातला जो शिकला त्याचे घर वेगळे झाले, हे शहरात आधीच घडले आहे. यावर माझ्याकडे एकच व्यावहारिक उत्तर आहे. वाटप माझ्या एकट्याचे मागितलेले नाही. एकतीसही नावांचे मागितले आहे, म्हणजे ज्याला बांधायचे असेल त्याला आपला तुकडा ओळखता येईल.

खरा विरोध घरातूनच होता. माझी पत्नी म्हणाली, “तुम्ही गावाला जाताय. मी आडावर जाणार नाही.” तिच्या लहानपणी आडाच्या काठावर ओंजळ धरून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून तासन्‌तास उभे राहावे लागे. पुरुष गावाची आठवण काढतो तेव्हा त्याला झाड आठवते, नदी आठवते. तिला आड आठवतो. आमच्या आत्मकथनांतही हा फरक आहे आणि त्यावर कोणी विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा. तिच्या दोन अटी: पाया खणण्याआधी आपल्या जागेत बोअर, आणि उताऱ्यावर तिचे नाव. दुसरी अट ऐकून माझे थोरले चुलते हसले, “आरं, बायांचं नाव कुठं लागतंय सातबाऱ्याला?” लागते. एकतीस नावांत आज सात बायकांची आहेत, सगळ्या विधवा. नवरा जिवंत असता एकीचेही लागलेले नाही.

वाटपाच्या अर्जाला सर्व सहहिस्सेदारांची संमती लागते. कल्याण, चेंबूर, भुसावळ, औरंगाबाद असे फिरून आतापर्यंत बावीस सह्या झाल्या. दोन नावे मयत आहेत, त्यांच्या वारसनोंदी व्हायच्या आहेत. एक चुलतभाऊ सही करायला तयार नाही. त्याचे म्हणणे, आजोबांची जमीन एकत्रच राहू द्या. उरलेल्या सहा जणांचा पत्ता शोधतो आहे.