जुनी मॅटाडोर आणि येलदरीचा मुक्काम

एकेकाळी लग्नाचे वऱ्हाड, शाळकरी मुले, रुग्ण आणि भाजीपाला अशा साऱ्यांचीच वाहतूक करणारी मॅटाडोर आता हौशी मित्रमंडळांच्या जिव्हाळ्याचा विषय झाली आहे. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने १९६९ मध्ये जर्मन आराखड्यावरून या व्हॅनचे उत्पादन सुरू केले. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले; मालवाहू गाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणण्याची सवय मात्र जुन्या नावाचीच देणगी होय. मॅटाडोरमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. त्यामुळे मागील भाग जमिनीलगत ठेवता येतो आणि आत दोघा-तिघांना ऐसपैस पथारी पसरता येते.

परभणी जिल्ह्यात अशा दोन दिवसांच्या सहलीस जिंतूर तालुका सोयीचा आहे. परभणीहून जिंतूर सुमारे ४५ किलोमीटर. नेमगिरीची जैन लेणी, चारठाण्याची प्राचीन मंदिरे व बारव आणि पूर्णा नदीवरील येलदरीचा जलाशय एका फेरीत पाहून होतात. घाई करावयाचीच असेल तर ती चारठाण्यात तरी करू नये.

खरी अडचण रस्त्यापेक्षा कागदपत्रांची आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूप कायम असलेल्या खासगी दुचाकी व चारचाकींना 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठरविण्यात आले. परंतु असे वाहन प्रदर्शन, संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे वा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे हा मान मिळालेल्या व्हॅनमधून येलदरीला मुक्कामास जाणे नियमात बसत नाही! शिवाय सांगाडा, बाह्य कवच किंवा इंजिन यांत बदल केलेली गाडी या नोंदणीस अपात्र ठरते.

ज्यांना व्हॅन प्रत्यक्ष फिरवावयाची आहे, त्यांनी साधी नोंदणीच टिकविणे इष्ट. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. अनेक मॅटाडोर व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेल्या होत्या. त्यामुळे खरेदीपूर्वी नोंदणीपुस्तकातील वर्गवारी पाहावी. खासगी वापराच्या कॅम्परव्हॅनचा समावेश बिगरवाहतूक वर्गात होतो. मात्र आतील रचना बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी.

मुक्कामासाठी धरणाचा प्रतिबंधित परिसर टाळून शेतमालकाच्या संमतीने जागा निवडावी. पावसाळ्यात येथील काळी जमीन चाके धरून ठेवते. मागे सामान व माणसांचा भार असला की पुढची चाके चढावर जागीच फिरू लागतात. तेव्हा गाडी मुरमाड जागीच उभी करावी आणि सहलीचा बेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आखावा.