दिवा आणि नोंदवही

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांपैकीं परिचारकाच्या अंगीं कोणते गुण असावेत, तेंही तेथें नमूद केलेलें आहे. उपचारांचें ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता असे ते चार गुण होत. या यादींत अनुराग आहे खरा. परंतु तो तिसरा आहे, पहिला मान ज्ञानाचा आहे. हा क्रम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. कारण आधुनिक परिचर्येचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे हा क्रम कसा विसरला गेला आणि तो पुन्हा प्रस्थापित करण्यासाठीं परिचारिकांना किती झगडावें लागलें, याचीच हकीगत आहे.

ही हकीगत इंग्लंडांत सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील सुखवस्तु मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याची शुश्रूषा घरींच होई. आई, बहीण किंवा पत्नी उशाशीं बसे आणि डॉक्टर घरीं येई. रुग्णालय हें ज्यांना घर नाहीं किंवा घरीं करणारें कोणी नाहीं, अशा गरिबांचें ठिकाण. सोळाव्या शतकांत मठ बंद पडल्यामुळें रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या जोगिणींची परंपराही त्या देशांत खंडित झाली होती. त्यांच्या जागीं आल्या त्या पोटासाठीं राबणाऱ्या बायका. त्यांना शिक्षण कोणी दिलें नाहीं, वेतन पुरेसें दिलें नाहीं, आणि काम मात्र झाडलोटीपासून मृताला न्हाऊं घालण्यापर्यंत सर्व दिलें. चार्ल्स डिकन्स यानें १८४३-४४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींत सेरी गॅम्प नांवाची एक परिचारिका रंगविली आहे. ती मद्यासक्त व बडबडी आहे आणि तिच्यापाशीं एक जुनाट छत्री आहे. ही बाई वाचकांच्या मनांत इतकी ठसली कीं इंग्रजींत छत्रीलाच ‘गॅम्प’ म्हणण्याचा प्रघात पडला! सर्वच परिचारिका तशा असतील असें नव्हे. पण लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहणारी मूर्ति तीच होती, आणि कुलीन घरांतल्या मुलीनें त्या धंद्याचें नांव काढणें म्हणजे घराण्याला बट्टा लावणें, अशी समजूत रूढ होती.

अशा काळांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल या श्रीमंत घरच्या मुलीनें हाच मार्ग धरला. त्यांचा जन्म १२ मे १८२० चा. घरच्या माणसांनीं वर्षानुवर्षें विरोध केला. तो सोसून १८५१ मध्यें त्या जर्मनींतील कैसर्सवर्थ येथील संस्थेंत कांहीं महिने शिकल्या, आणि १८५३ मध्यें लंडनांतील एका लहानशा रुग्णालयाच्या व्यवस्थापिका झाल्या. पुढच्याच वर्षीं क्रिमियाचें युद्ध पेटलें. जखमी सैनिकांचे हाल ‘टाइम्स’ पत्राच्या बातमीदारांनीं उघडकीस आणले, तेव्हां इंग्लंडांत संतापाची लाट उसळली. युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेलबाई ३८ स्त्रियांसह निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयांत दाखल झाल्या.

रात्रीं हातांत दिवा घेऊन त्या रुग्णांच्या रांगांमधून फिरत, हें दृश्य वर्तमानपत्रांतील चित्रांनीं घरोघरीं पोंचविलें. वस्तुतः त्यांच्या हातीं घडीचा तुर्की कंदील असे. चित्रकारांनीं मात्र पुष्कळदां त्याच्या जागीं प्राचीन ग्रीक धर्तीचा, पणतीसारखा दिवा दिला. ही चूक क्षुल्लक वाटेल, पण ती अर्थपूर्ण आहे. लोकांना कामावरची बाई नको होती, देव्हाऱ्यांतली मूर्ति हवी होती. मद्यपी सेरी गॅम्पच्या जागीं प्रकाश घेऊन येणारी देवता बसली, आणि परिचारिकेकडे पाहण्याची समाजाची दृष्टि दहा-बारा वर्षांत पार पालटली.

पण स्कुटारीचे रोगी दिव्यानें वांचले नाहींत. १८५५ च्या फेब्रुवारींत तेथें दाखल होणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ४२ दगावत होते. मार्च महिन्यांत सरकारनें पाठविलेलें आरोग्यमंडळ आलें. त्यानें तुंबलेलीं गटारें उपसलीं, पाण्याची व हवेची व्यवस्था सुधारली. आणि जूनपर्यंत हें प्रमाण शेंकडा २ च्या आसपास उतरलें. नाइटिंगेलबाईंचें मोठेपण असें कीं स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं हे आंकडे स्वतः तपासले. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्यानें त्यांनीं दाखवून दिलें कीं सैनिक मेले ते बहुतांशीं जखमांनीं नव्हे, टाळतां येण्याजोग्या रोगांनीं. १८५८ मध्यें त्यांनीं रंगीत आकृत्या काढून ही गोष्ट मंत्र्यांच्या गळीं उतरविली, आणि त्याच वर्षीं लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. जगानें त्यांच्या हातांतला दिवा लक्षांत ठेवला. त्यांच्या टेबलावरच्या आंकडेवारीची आठवण मात्र फार थोड्यांनीं ठेविली.

लोकांनीं त्यांच्या सन्मानार्थ जमविलेल्या सुमारें ४५ हजार पौंडांच्या निधींतून १८६० मध्यें लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. विद्यार्थिनींनीं वसतिगृहांत रहावें, वॉर्डांत प्रत्यक्ष काम शिकावें आणि त्यांच्यावर हुकमत एका स्त्रीचीच, म्हणजे मेट्रनचीच, असावी, अशी तेथील पद्धति होती. प्रत्येक मुलीच्या कामाबरोबरच तिच्या वक्तशीरपणाची, शांतपणाची, विश्वासूपणाची व टापटिपीची नोंद होई. या शाळेनें भल्या घरच्या मुलींना एक मानाचा व्यवसाय मिळवून दिला. आज रुग्णालयांत आपण जिला ‘सिस्टर’ म्हणून हांक मारतों, तिच्या व्यवसायाचा पाया येथें घातला गेला.

तथापि या मानाला एक किंमत होती. जिला देवता ठरविलें तिनें पगार वाढवून मागावा, कामाचे तास मोजावे, किंवा डॉक्टरांच्या मतापुढें आपलें मत मांडावें, हें कोणाला रुचणार? ज्या समाजानें तिची आरती केली, त्यानेंच तिला बारा-चौदा तास राबविण्यांत कांहीं वावगें मानलें नाहीं. शिवाय, चांगलें मन हीच परिचारिकेची खरी पात्रता असेल, तर चार दिवस वॉर्डांत काढलेली बाई आणि तीन वर्षें शिकलेली बाई यांत भेद तो काय राहिला?

हा प्रश्न एथेल बेडफर्ड फेन्विक यांनीं १८८७ मध्यें ऐरणीवर आणला. या बाई वयाच्या चोविसाव्या वर्षींच सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या मेट्रन झालेल्या. त्यांनीं ब्रिटिश परिचारिकांचा संघ काढला आणि मागणी केली कीं, परिचारिकांसाठीं तीन वर्षांचें शिक्षण असावें, सर्वांची एकच परीक्षा व्हावी आणि उत्तीर्ण झालेल्यांचीं नांवें सरकारी नोंदवहींत दाखल व्हावीं. जिचें नांव त्या वहींत नाहीं, तिला नोंदलेली परिचारिका म्हणवून घेतां येऊं नये. या मागणीला सर्वांत वजनदार विरोध झाला तो स्वतः नाइटिंगेलबाईंचा! त्यांचें म्हणणें असें कीं, परीक्षेनें पाठांतर मोजतां येईल, शील मोजतां येणार नाहीं. आणि एकदां वहींत नांव चढलें कीं परिचारिका शिकणें सोडून देईल. ही भीति निराधार नव्हती. पण फेन्विकबाईंच्या बाजूला एक बिनतोड मुद्दा होता. शील पारखणार कोण? रुग्णालयाचे चालक! म्हणजे जिची रोजीरोटी ज्यांच्या हातीं, तिची लायकी ठरविणारेही तेच. नोंदवही आली म्हणजे परिचारिकेची योग्यता कोणा मालकाच्या मर्जीवर न राहतां तिची स्वतःची होणार होती.

या वादाला ३० वर्षांहून अधिक काळ लागला. दूरच्या न्यूझीलंडनें १९०१ मध्यें जगांतला पहिला परिचारिका-नोंदणी कायदा केला, आणि १० जानेवारी १९०२ रोजीं एलन डॉगर्टी यांचें नांव पहिल्या क्रमांकावर लागलें. इंग्लंडनें मात्र पहिलें महायुद्ध पाहून झाल्यावर, १९१९ सालीं, हा कायदा केला. १९२१ मध्यें नोंदवही उघडली तेव्हां पहिलें नांव फेन्विकबाईंचें होतें. नाइटिंगेलबाई १९१० मध्येंच निवर्तल्या होत्या.

हिंदुस्थानाशीं नाइटिंगेलबाईंचा संबंध निकटचा होता. हा देश त्यांनीं डोळ्यांनीं कधींच पाहिला नाहीं. पण येथील लष्कराच्या आरोग्यासंबंधीं नेमलेल्या आयोगाच्या १८६३ च्या अहवालामागें त्यांचेच परिश्रम होते, आणि पुढेंही येथील सुधारकांशीं त्यांनीं संबंध राखला. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांचें दयाराम गिडुमल यांनीं लिहिलेलें चरित्र १८९२ मध्यें लंडनांत निघालें, त्याला प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची आहे. या मलबारी व गिडुमल यांनींच पुढें १९०८ मध्यें मुंबईंत सेवासदन स्थापन केलें. आणि १९०९ मध्यें रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुण्यास त्याच नांवाची संस्था उभारली.

रुग्णसेवेची वृत्ति महाराष्ट्रांत नव्हती असें नाहीं. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत आणलें, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांनीं देह ठेविला. पण अशी सेवा हा एका थोर स्त्रीचा त्याग मानला जाई. तिचा व्यवसाय होणें ही गोष्ट निराळी. परक्या पुरुषाला स्पर्श करावयाचा, कोणाही जातीच्या माणसाचें मलमूत्र काढावयाचें, रात्रपाळी करावयाची, आणि त्याचे पैसे घ्यावयाचे! सोवळ्याओवळ्यांत वाढलेल्या पांढरपेशा घरांना ही कल्पनाच असह्य होती. त्यामुळें प्रारंभींच्या परिचारिका बहुधा युरोपीय, अँग्लो-इंडियन व हिंदी ख्रिस्ती असत. मिरजेसारख्या ठिकाणच्या मिशन रुग्णालयांनीं अनेक मुलींना हें शिक्षण दिलें. पुण्याच्या सेवासदनानें ससून रुग्णालयांत शिकणाऱ्या हिंदु स्त्रियांसाठीं राहण्याची सोय केली, तेव्हां हा बांध फुटूं लागला. ज्या विधवेला घरच्या माजघरांत दुसऱ्याच्या अन्नावर दिवस कंठावे लागत, तिच्या हातीं प्रमाणपत्र व वेतन आलें. रमाबाईंनीं त्या स्त्रियांना नुसता सेवाधर्म सांगितला नाहीं. त्यांच्यासाठीं वर्ग आणि वसतिगृह मिळविलें. नोंदवहीचें तत्त्व त्यांनीं अचूक ओळखलें होतें.

कायद्याची पावलें मागाहून पडलीं. हिंदी परिचारिकांचा अखिल भारतीय संघ १९०८ सालचा. मद्रास प्रांताचा नोंदणी कायदा १९२६ चा, मुंबईचा १९३५ चा, आणि सर्व देशाला लागू होणारा परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. १९४६ मध्यें दिल्ली व वेल्लोर येथें परिचर्येचें पदवीशिक्षण सुरू झालें. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालांतील हिशेब विचार करावयास लावणारा आहे : देशांत दर ६,३०० लोकांमागें एक डॉक्टर होता, तर परिचारिका दर ४३,००० लोकांमागें एक! म्हणजे जेथें डॉक्टरांपेक्षां परिचारिका अधिक असाव्यात, तेथें त्या कित्येक पटींनीं कमी होत्या. समाजानें पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या अवहेलनेची ही वजाबाकी होती.

ज्ञान आणि अनुराग यांचा योग झाला म्हणजे काय घडतें, याची साक्ष मुंबईनें दिली आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर १९७३ च्या नोव्हेंबरांत तेथेंच अमानुष हल्ला झाला आणि तिच्या मेंदूला कायमची इजा पोंचली. शहरांतील परिचारिकांनीं संप करून सुरक्षिततेची मागणी केली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजीं तिचें प्राणोत्क्रमण होईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयांतील परिचारिकांनीं तिला सांभाळलें. तिच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या. तिला चालतांबोलतां कधीं न पाहिलेल्या मुली त्यांच्या जागीं आल्या. शुश्रूषेंत खंड पडला नाहीं. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला नियमानें कुशीवर वळवावें लागतें, त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवावी लागते. एरवीं पाठीला व्रण पडतात. इतक्या वर्षांत असे व्रण होऊं न देणें हें नुसत्या दयेचें काम नव्हे, तें शास्त्र आहे. १९८० नंतरच्या दशकांत तिला तेथून हलविण्याचा विचार झाला, तेव्हां परिचारिकांनींच तो हाणून पाडला. पुढें एका लेखिकेनें तिच्या सुटकेसाठीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. तिच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न निघाला, तेव्हां ७ मार्च २०११ च्या निकालांत न्यायालयानें तो अधिकार तिची देखभाल करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. तिला जगवावें कीं नाहीं याविषयीं मतभेद असूं शकतील. पण रुग्णाच्या उशाशीं राहणारीचा शब्द न्यायासनानें ग्राह्य धरला, ही गोष्ट इतिहासांत नोंदली जाईल.

लोकांची स्मृति मात्र अजून दिव्याभोंवतींच घुटमळते. २०२० मध्यें नाइटिंगेलबाईंची द्विशताब्दी आली, आणि त्याच वर्षीं कोरोनाची सांथही आली. २२ मार्च रोजीं लोकांनीं सज्जांत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजवून वैद्यांचे व परिचारिकांचे आभार मानले. आणि त्याच दिवसांत कांहीं शहरांत घरमालकांनीं संसर्गाच्या भयानें त्यांनाच खोल्या सोडावयास सांगितलें. टाळी वाजविणें सोपें. ज्या हातांसाठीं ती वाजविली, त्या हातांना योग्य वेतन, विश्रांति व सुरक्षित निवारा देणें अवघड.

दर वर्षीं १२ मे रोजीं परिचर्येच्या विद्यार्थिनी हातीं दिवे घेऊन शपथ घेतात. तो दिवा त्यांनीं अवश्य लावावा. पण तो पाहणाऱ्यांनीं त्याच्या उजेडांत नोंदवहीही वाचावी : तींतलें प्रत्येक नांव परीक्षा देऊन मिळविलेलें आहे. परिचारकाच्या गुणांत चरकानें ज्ञानाला अग्रस्थान दिलें, याचा अर्थ अनुराग गौण आहे असा नव्हे. अज्ञानी अनुराग रोग्याला तारीत नाहीं, आणि ज्ञानी परिचारिकेला नुसत्या स्तुतीवर ठेवणारा समाज स्वतःच्याच आजारपणाची तरतूद मोडीत असतो.