उशाशी बसणाऱ्यांचा इतिहास

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. कोणतीही गोष्ट समोर आली की तो आधी कागद शोधतो. कागद असेल तर इतिहास, नसेल तर आख्यायिका. या हिशेबाने पाहिले तर म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा जगात कोणी केलीच नाही, असे म्हणायची पाळी येईल. राजा आजारी पडला तर वैद्याचे नाव एखादे वेळी बखरीत सापडेल. पण रात्री त्याला कुशीवर कोणी वळवले, तोंडात पाणी कोणी घातले, हे लिहून ठेवण्याइतके मोठे कोणाला वाटले नाही.

आमच्या वाईच्या घरातलेच सांगतो. आजीला १९९८ साली अर्धांगवायूचा झटका आला. रुग्णालयातून थोड्याच दिवसांत सांगण्यात आले, "आता घरी न्या, इथे करण्यासारखं काही नाही." हे सांगायला एक मिनिट लागले. त्यापुढची सात वर्षे काकूने काढली. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, जखमा होऊ नयेत म्हणून पाठ पुसून कोरडी करायची, भांडे द्यायचे, पेज चमच्याने भरवायची. आणि आजी चिडून तोंड फिरवी, तेही सोसायचे. पाहुणे येत, आजीच्या उशाशी बसत, "कसं वाटतंय?" म्हणून विचारीत, चहा घेऊन जात. चहा काकूच करी. तिला कसे वाटते, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो; म्हणजे मीही पाहुण्यांतलाच.

आणि वाचकहो, गंमत पाहा. 'काळजीवाहू' असा एक नेमका शब्द आपल्या भाषेत आहे. तो आपण निवडणुकीच्या आधीच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला! जी बाई सात वर्षे खरोखर काळजी वाहते, तिला म्हणायला आपल्याजवळ 'सून' एवढाच शब्द.

या दुर्लक्षित कामाला विसाव्या शतकात शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली, ती मुख्यतः एका इंग्रज बाईंमुळे. सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. एकाच रोग्याकडे तीन खुर्च्यांवरून पाहिलेली ही बाई. तिच्या ध्यानात आले की मरणपंथाला लागलेल्या माणसाची वेदना नुसती शरीराची नसते. तीत मनाची, घरादाराची, पैशाअडक्याची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था उघडली आणि दोनच वर्षांत तिथली माणसे रोग्यांच्या घरी जाऊ लागली. भारतात अशी पहिली संस्था १९८६ साली मुंबईत निघाली, ती शांती अवेदना. काम थोर, यात शंका नाही. पण खाटा मोजक्या आणि देश केवढा!

खरी नवलाची कथा घडली ती केरळात. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांचे स्नेही अशोक कुमार यांनी वेदना व परिहारसेवेची एक छोटी संस्था काढली. अशोक कुमार डॉक्टर नव्हते, स्वयंसेवक होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिला महत्त्व आहे. पहिली अडचण आली औषधाची. कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन हा साधा, स्वस्त उपाय. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले होते, की व्यसनी माणसाला अफू मिळावी आणि तळमळणाऱ्या रोग्याला मात्र मॉर्फिन मिळू नये. हा कायदा सुधारायला २०१४ साल उजाडावे लागले.

दुसरी अडचण मात्र कोणत्याही कायद्याने सुटणारी नव्हती. दवाखान्यापर्यंत कोण येई? जो येऊ शकतो तो! जो खाटेवरून उठूच शकत नाही, त्याचे काय? शिवाय डॉक्टरची गाठ महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. उरलेले दिवस आणि सगळ्या रात्री घरच्यांच्या. घरात तांदूळ नसला, मुलाची शाळा सुटली, बायको जागरणाने खचली, तर त्यावर गोळी नाही. तेव्हा या मंडळींनी प्रश्नच उलटा मांडला. दीर्घ आजार ही मुळात समाजाची अडचण आहे आणि तिला एक वैद्यकीय बाजू आहे. आपण आजवर नेमके याच्या उलट समजत होतो.

त्यातून २००१ साली शेजारपाजारच्या माणसांचे जाळे विणण्याचा उपक्रम सुरू झाला. मलप्पुरम जिल्ह्यात तो विशेष रुजला. आठवड्यातले दोनएक तास देऊ शकणाऱ्याने नाव नोंदवायचे, सुमारे सोळा तासांचे शिक्षण घ्यायचे, जाणत्यांबरोबर चार वेळा घरभेटीला जायचे, झाला स्वयंसेवक. यांत शिक्षक होते, विद्यार्थी होते, दुकानदार होते, रिक्षावाले होते. ते नुसते धीर द्यायला जात नसत. अंथरुणावरच्या माणसाला न्हाऊ कसे घालावे, जखम कशी धुवावी, हे घरच्यांना दाखवीत. गरजू घरी तांदूळ पोचवीत, मुलांच्या शाळेचे पाहत. आठवड्याला परिचारिका गाडीतून येई, गरज पडली तर डॉक्टरही. पैसा बव्हंशी दुकानांतल्या डब्यांतून, थोड्याथोडक्या देणग्यांतून जमे.

हे केरळातच का घडले? साक्षरता, गावोगावची ग्रंथालये, सार्वजनिक कामाची जुनी सवय ही कारणे आहेतच. १९९६ पासून तिथल्या पंचायतींच्या हाती खरा पैसा आणि योजना आखण्याचा अधिकार आला, हेही मोठे कारण. आणि एक दुखरे कारण म्हणजे तरुण मुले आखाती देशांत गेलेली, मागे म्हातारी माणसे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसे शेकडा ८.६ होती, केरळात १२.६. राज्य सरकारने २००८ साली या सेवेचे धोरणच जाहीर केले. भारतात असे करणारे ते पहिले राज्य. पुढे पंचायतींनी परिचारिका नेमून घरभेटींची व्यवस्था केली. कर्करोग्यांसाठी निघालेली सेवा हळूहळू पक्षाघात झालेल्या, स्मृती गेलेल्या, नुसत्या वयाने थकलेल्या माणसांपर्यंत पोचली.

याच सुमारास, २००५ साली, ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ ॲलन केलेहिअर यांनी 'करुणामय नगरां'ची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. मरण, आजार आणि वार्धक्य हे सगळ्या गावाचे काम आहे, असा तिचा आशय. मलप्पुरमच्या रिक्षावाल्याला हे पुस्तक वाचावे लागले नाही, एवढेच.

मला या कथेचा उगाच गौरव करायचा नाही. स्वयंसेवक दोन तास येतो. उरलेले तास अजूनही बहुधा एखाद्या बाईच्याच वाट्याला येतात. मोफत मिळणाऱ्या करुणेवर सरकारने आपली जबाबदारी ढकलावी, हा धोकाही खरा आहे. आणि एका राज्याचा ढाचा उचलून दुसरीकडे ठेवला की तो चालतो, असे इतिहासात सहसा घडत नाही. तरीही त्या दोन तासांत घरचे माणूस बाजारात जाऊन येते, अंघोळ शांतपणे करते, नाहीतर नुसते झोपते. ज्याने कधी रात्रंदिवस शुश्रूषा केली आहे, त्याला या झोपेची किंमत सांगायला नको.

मलप्पुरमची माणसे घरोघर जाऊ लागली, तेव्हा आमच्या आजीच्या अंथरुणाला तीन वर्षे झाली होती. ती २००५ साली गेली. काकूने मला परवा सहज सांगितले, की त्या सात वर्षांत ती माहेरच्या एकाही लग्नाला गेली नव्हती. आणि आजी गेल्यावर कित्येक महिने रात्री दोन वाजता कूस बदलायला म्हणून ती उठून बसत असे.

केरळातल्या त्या कामाची एक रीत मी वाचली होती. रोगी गेल्यानंतरही स्वयंसेवक त्या घरी जातात, मागे राहिलेल्यांपाशी बसतात. काकूकडे तेराव्यानंतर कोणी आले नव्हते. मीसुद्धा नाही.