सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट



आजची गोष्ट मूकपटांची आहे, पण सुरुवात एका तळ्यापासून करू या. झाशीच्या जुन्या शहराला एक लक्ष्मी दरवाजा आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूला लक्ष्मी ताल. जवळ महालक्ष्मीचं देऊळ, आणि तळ्याच्या काठाशी एक छत्री, म्हणजे राजाच्या स्मरणार्थ उभारलेली वास्तू. ही छत्री झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांची. १८५३ च्या नोव्हेंबरात ते गेले आणि राणी लक्ष्मीबाईंनी ती बांधवून घेतली. झाशीला गेलं की आपण किल्ला बघतो, राणीमहाल बघतो. या छत्रीपर्यंत आलोच, तर ‘राणीचे यजमान’ एवढीच त्यांची ओळख घेऊन परततो.

या राजाची आणखी एक ओळख आहे. गंगाधररावांना नाटकाचा भारी नाद होता. त्यांनी झाशीत नाटकाचे खेळ करवले, ते स्वतः स्त्रीवेश घेऊन उभे राहत, अशी आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेले होते आणि झाशीला वेढा पडला तेव्हा शहरातच अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकातही राजाच्या स्त्रीवेशाची ऐकीव हकिकत आली आहे. लोकांनी त्यावर पुष्कळ हसून घेतलं आहे. आपण जरा वेगळा प्रश्न विचारू.

नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. दरबारात मराठी, रस्त्यावर बुंदेली. अशा गावात खेळ उभा करायचा, तर समोरच्या माणसाला तो कळणार कसा? याचं उत्तर त्या काळच्या रंगभूमीकडेच होतं: सगळ्यांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट घ्यायची. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा तेच केलं. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं बरीचशी आयत्या वेळी बोलायची. हे चाललं, कारण धनुष्य कोण मोडणार हे पोरासोरांनाही माहीत होतं. सीता म्हणून पुरुष उभा आहे हेही माहीत होतं. गोष्ट पाठ असली की प्रेक्षक उरलेलं आपल्या मनाने भरून काढतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर फ्रान्सला चला.

साल १८९९. जॉर्ज मेलिएस नावाचा जादूगार, पॅरिसमधल्या एका जादूच्या नाट्यगृहाचा मालक, ‘सिंड्रेला’ पडद्यावर आणतो. सगळा चित्रपट सहा मिनिटांच्या आसपास. भोपळ्याची बग्गी होते, चिंध्यांचा झगा होतो. युक्ती अशी: कॅमेरा थांबवायचा, नटाने जागचं हलायचं नाही, भोपळा उचलून तिथे बग्गी ठेवायची आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर दिसताना सगळं क्षणात बदलतं. पुढे १९०१ मध्ये त्याने ‘ब्लूबिअर्ड’ केला. १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये हेपवर्थ आणि स्टो यांनी ‘अ‍ॅलिस’ची कथा चित्रित केली.

सुरुवातीच्या या मंडळींना परीकथांचीच एवढी ओढ का लागली? चमत्कार दाखवायची हौस हे एक कारण झालंच. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. मूकपटाला तोंड नाही. सहा मिनिटांत सावत्र आई, राजवाडा, मध्यरात्र आणि बूट एवढं सगळं सांगायचं, तेही न बोलता. प्रेक्षकाला गोष्ट आधीच माहीत असेल तरच हे जमतं. पेरोने १६९७ मध्ये छापलेली सिंड्रेला दोनशे वर्षांत फ्रान्समधल्या घराघरांत पोचली होती. बाराचे ठोके पडद्यावर ऐकू येत नव्हते, पण ते प्रेक्षकाच्या मनात पडत होते.

आता परत आपल्याकडे येऊ. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. जे. जे. मध्ये शिकलेले, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, फोटोग्राफी आणि छपाईत मुरलेले. आणि जादूचे प्रयोग करणारेसुद्धा! ‘फाळके’ उलटं करून ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादू दाखवत. म्हणजे पॅरिसमध्ये जादूगार आणि नाशिककडे पण जादूगारच. मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना आपले राम-कृष्ण दिसू लागले. हे त्यांनी स्वतः १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवलं आहे. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. घरात सरस्वतीबाईंनी दागिने मोडायला दिले, फिल्मला भोकं पाडायचं किचकट कामही केलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

फाळक्यांपुढची अडचण मेलिएसपेक्षा मोठी होती. मेलिएसच्या घरच्या प्रेक्षकाची भाषा एक. फाळक्यांचा चित्रपट मराठी, गुजराती, हिंदी, तमिळ अशा सगळ्यांना कळायला हवा होता. पडद्यावरच्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत असत, पण त्या वाचणारे किती? हरिश्चंद्राने राज्य दान केलं, बायको-मुलगा विकला, स्मशानात चाकरी केली, हे मात्र न वाचताच कळत होतं. लक्ष्मी तालाच्या काठी छत्रीत विसावलेल्या राजाच्या गावात जो प्रश्न होता, तोच इथे साऱ्या देशाएवढा झाला होता. उत्तरही तेच होतं.

स्त्रीवेशाचं कोडंही तेच. तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी ते केलं अण्णा साळुंके यांनी. हे ग्रँट रोडकडच्या एका खाणावळीत स्वयंपाकी होते, असं सांगतात. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली! लोकांना ते चाललं, कारण लोक साळुंक्यांना बघत नव्हते, मनातल्या सीतेला बघत होते. मधल्या काळात १९१३ च्या अखेरीस ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय चित्रपटात प्रथमच बायकांनी बायकांची कामं केली. या कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, नट विक्रम गोखले यांच्या आजी.

इथे थोडं थांबू. ‘लंकादहन’ आणि ‘सिंड्रेला’ एकाच रांगेत बसवायचे का? युक्त्या तर सारख्याच आहेत. ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचं डोकं धडावेगळं होऊन वर तरंगतं, ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजते. हे सगळं मेलिएसच्या घराण्यातलंच आहे. पण सिंड्रेलाच्या परीला कुणी हात जोडले नाहीत. ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढून नमस्कार करत, अशी आठवण सांगतात. म्हणून पुराणकथा ही आपली परीकथा, असं मी म्हणणार नाही. तिकडे ओळखीची गोष्ट दिसली की गंमत वाटायची. इकडे तीच ओळख श्रद्धेपर्यंत जायची. सिनेमाचं तंत्र एकच होतं, पण ते कुठल्या माणसांपुढे उभं राहतं यावर त्याचा अर्थ ठरत होता.

आता शेवटचा भाग, जरा जड आहे.

मेलिएसने पाचशेहून अधिक चित्रपट केले, आज उरलेत सुमारे दोनशे. पहिल्या महायुद्धात त्याच्या कितीतरी फिती वितळवल्या गेल्या आणि त्यातल्या सेल्युलॉइडपासून सैनिकांच्या बुटांच्या टाचा बनवल्या, असं सांगितलं जातं. १९२३ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत त्याने स्वतःच्या हाताने निगेटिव्ह जाळल्या. आपल्याकडे फाळक्यांनी जवळजवळ शंभर चित्रपट केले. ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग, ‘लंकादहन’चे तुकडे, ‘कालिया मर्दन’ बराचसा, अशी थोडीच चित्रं हाती लागतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. फाळके नाशकात १९४४ मध्येच गेले होते.

आणि झाशी? १८५८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौज शहरात शिरली, तेव्हा तिथल्या ग्रंथसंग्रहाची कशी नासधूस झाली हे गोडसे भटजींनी डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे. गंगाधररावांच्या खेळांचं आपल्यापर्यंत काय आलं? लोकांच्या तोंडच्या चार आठवणी, आणि तळ्याकाठी एक छत्री.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट हरवत नाही. हरिश्चंद्र आहे, सिंड्रेला आहे. हरवतो तो त्या गोष्टीचा एखादा प्रयोग: त्या दिवशी, त्या गावात, त्या माणसाने ती कशी उभी केली हे. गोष्ट आपल्याला पाठ आहे, म्हणून तिची फीत जपायची गरजच वाटली नाही, असं तर झालं नसेल ना?

तुमच्या घरी इंदूरला, बडोद्याला, तंजावरला, झाशीला किंवा सोलापुरात आजोबांच्या ट्रंकेत एखादी नाटकाची जाहिरात, सिनेमाचं जुनं चोपडं किंवा कुठल्या कंपनीतला एखादा फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. आणि झाशीला गेलात तर किल्ला झाल्यावर एक रिक्षा करून लक्ष्मी तालाकडे जरूर या. राणीच्या यजमानांना नाही, एका नाटकवेड्या माणसाला भेटायला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.