हा फर्नांडो कोण?

वसईहून निर्मळ-नंदाखालकडे जाताना दारांवरच्या पाट्या वाचण्याची खोड असली, तर वाट मजेत सरते. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस, गोन्साल्विस! घरात मात्र बोली सामवेदी आणि माणसे अस्सल इथल्या मातीतली. मग ही आडनावे आली कुठून?

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथली अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव नवख्रिस्त्याला मिळे. तेव्हा नाव पोर्तुगीज म्हणून वंशही पोर्तुगीज, हा तर्क फसवा आहे.

आणखी एक मौज पाहा. यांतली बरीचशी नावे मुळात आडनावे नव्हतीच! पोर्तुगीज लेखनात त्यांच्या शेवटी येणाऱ्या 'एस्' चा अर्थ 'अमक्याचा मुलगा'. फर्नांडोचा मुलगा फर्नांडिस, रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस. वसईत जन्मून १५९७ साली नागासाकीत क्रुसावर गेलेले आणि १८६२ साली संतपदी पोहोचलेले गोन्सालो गार्सिया यांच्या नावातला गोन्सालो तो हाच. प्रत्येक पिढीबरोबर हे नाव बदले; पुढे मध्ययुगाच्या अखेरीस ते गोठले आणि घराण्याचे झाले.

युरोपच्या उत्तरेसही हीच चाल होती. तिकडे 'सेन' किंवा 'सोन' म्हणजे मुलगा. डेन्मार्कने १८२८ साली, स्वीडनने १९०१ साली आणि नॉर्वेने १९२३ साली कायद्याने आडनावे स्थिर करण्याचे ठरविले. आइसलंडात मात्र आजही योनचा मुलगा योन्सोन आणि मुलगी योन्सदोत्तिर!

पण त्यासाठी आइसलंड कशाला गाठायला हवे? आपण मराठी माणसे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, ते दर पिढीला बदलते. वसईचा फर्नांडिसही तसेच लावतो. म्हणजे त्याच्या एकाच नावात दोन बाप नांदतात. शेवटचा फर्नांडो त्याच्या घराण्यात कधी झालाच नसेल. पण मधला बाप खरा, त्याच वाडीत राबलेला.

तेव्हा वाचकहो, यापुढे पाटीवरचे आडनाव वाचून कुणाला परका ठरवण्याआधी, त्याचे मधले नाव विचारावे.