दोन लाकडी पेट्या

नांगराचे रुमणे हाताला नीट बसत नसेल तर शेतकरी काय करतो? स्वतःचा हात काही तो तासून घेत नाही! सुताराकडे जातो, रुमणे तासून घेतो आणि मग शेतात उतरतो. हत्यार हाताला बसले पाहिजे, हा आपल्याकडचा जुना शहाणपणा. हाच शहाणपणा अमेरिकेतल्या काही तरुण विद्यार्थ्यांना १९६२ साली एका महागड्या संगणकापुढे बसून सुचला. त्याची हकिगत आज आपणांस सांगायची आहे.

गोष्ट खेळाची आहे. खेळाचा कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. पण जरा थांबा.

केंब्रिज गावी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्था आहे. तिला १९६१ साली ‘डिजिटल’ कंपनीने एक संगणक भेट दिला. नाव पीडीपी-१. चार मोठी कपाटे एका ओळीत उभी करावीत एवढे त्याचे आकारमान, आणि किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर! त्या काळी बहुतेक संगणकांपाशी सामान्य विद्यार्थ्याला फिरकूही देत नसत. आपले गणित कार्डांवर भोके पाडून खिडकीतून आत द्यायचे आणि उत्तराची वाट पाहत बसायचे, अशी रीत. या यंत्रापुढे मात्र माणसाला स्वतः बसता येई, आणि त्याला एक वाटोळा पडदाही होता. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके उमटत.

या यंत्राची करामत लोकांना दाखवायची कशी? स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन या मित्रांनी ठरवले की, एक खेळ रचायचा. नाव ‘स्पेसवॉर’, म्हणजे अंतराळातले युद्ध. रसेलने १९६२ च्या आरंभी तो चालता केला. दोन खेळाडू, दोन याने. एकाने दुसऱ्याचे यान उडवायचे. पुढे डॅन एडवर्ड्‌सने मध्यभागी सूर्य बसवला व त्याला गुरुत्वाकर्षण दिले. गाफील राहाल तर सूर्य तुम्हांला ओढून घेणार! पीटर सॅमसनने मागे खऱ्या आकाशातले तारे आणून मांडले. शिक्षकबंधूंनो, न्यूटनचे नियम पाठ करून जे ध्यानात राहात नाही, ते इथे खेळणाऱ्याच्या बोटांना कळत होते.

पण अडचण वेगळीच निघाली. यान चालवायचे कशाने? यंत्राच्या तोंडाशी १८ छोट्या खटक्यांची एक ओळ होती. ती यंत्राची परीक्षा घेण्यासाठी होती, खेळासाठी नव्हे. एका टोकाचे चार खटके एका खेळाडूचे, दुसऱ्या टोकाचे चार दुसऱ्याचे. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, वेग घ्या, गोळा सोडा. खेळणारे टेबलावर कोपरे टेकून तासन्‌तास बसत आणि कोपरे दुखून येत. घाईत भलताच खटका ओढला जाई. सर्वांत वाईट म्हणजे, पडदा एका बाजूला होता. त्यामुळे एका गड्याला तो समोर दिसे, दुसऱ्याला मान वाकडी करावी लागे. आता सांगा, एकाच्या डोळ्यांत ऊन आणि दुसऱ्याच्या पाठीला ऊन, अशी कुस्ती तुम्ही न्याय्य म्हणाल का?

तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स हे दोघे पुढे आले. दोघेही संस्थेतल्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मंडळाचे सभासद. हे मंडळ १९४६ सालचे. गाड्यांच्या रुळांखाली तारांचे, खटक्यांचे जाळे पसरलेले असे आणि मंडळाच्या खोलीत जुन्या सामानाचा साठा असे. दोघांनी तिथूनच जुळवाजुळव केली. लाकडाची पेटी, तिला बेकेलाइटचे झाकण, झाकणावर दोन दांड्या आणि एक बटन. अशा दोन पेट्या, गडी दोन म्हणून. पेटीची तार यंत्राला जोडली की झाले!

त्यातली अक्कल पाहा. एक दांडी डावी-उजवीकडे हलवली की यान त्या बाजूला वळे. दुसरी मागे ओढली की वेग मिळे. पुढे ढकलली की यान एकाएकी नाहीसे होऊन भलतीकडेच प्रकटे. जीव वाचवण्याचा हा शेवटचा उपाय. म्हणजे हाताची हालचाल आणि यानाची हालचाल यांचा मेळ बसला. गोळ्याचे बटन तर मुद्दाम बिनआवाजाचे केले होते. का? तर ‘खट्’ आवाज झाला असता तर शेजारचा सावध झाला असता! आता दोघेही पडद्यासमोर बरोबरीने बसू लागले आणि मोलाच्या यंत्राचे खटकेही झिजायचे वाचले. त्याच वर्षी मे महिन्यात संस्थेने लोकांसाठी दारे उघडली, तेव्हा हा खेळ पाहुण्यांना दाखवण्यात आला.

अशी पेटी करणारे हे पहिलेच, असे मात्र समजू नका. ऑक्टोबर १९५८ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी पाहुण्यांसाठी टेनिसचा खेळ मांडला होता. त्यातही प्रत्येक गड्याच्या हाती एक फिरकी व एक बटन असलेली पेटी होती. दोन्हीकडे गरज एकच आणि उत्तरही एकाच जातीचे. आज घरोघरी पोरे हातात धरतात ती खेळाची उपकरणे याच विचाराच्या वाटेवरची होत.

कोणी विचारील, एवढ्या किमतीचे यंत्र पोरांनी खेळात घालवावे का? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पुढे काळानेच दिले. त्या खेळात यंत्राचा कोपरा न् कोपरा कामाला लागे, म्हणून खुद्द कंपनीच नवे यंत्र ठीक आहे की नाही हे पाहण्यासाठी तो खेळ चालवू लागली. कोटॉक पुढे त्याच कंपनीत मोठमोठ्या संगणकांची रचना करणारा नामांकित अभियंता झाला. खेळ रचणाऱ्यांना त्यापासून पैसा मिळाला नाही. तरी १९७१ साली नाणे टाकून खेळायची जी पहिली यंत्रे बाजारात आली, ती याच खेळावरून सुचलेली होती.

शिक्षकबंधूंनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही मोडकी बॅटरी, जुनी घंटी, तुटके खटके पडून असतील. कुलपाची किल्ली एखाद्या उद्योगी मुलाच्या हाती देऊन पाहा. काही वस्तू मोडतील, हे खरे. पण यंत्र असे का आणि मला सोयीचे तसे का नाही, हा प्रश्न ज्याला पडला, तो यंत्राचा चाकर राहात नाही. त्या दोन लाकडी पेट्यांत मोलाचे असे काहीच नव्हते. मोलाचा होता तो हा प्रश्न.